'कॅपिट्युलेट' म्हणजे नक्की शरण जाणंच का?

तिरकस_रेघ

एका शेअर बाजाराच्या अहवालाचं मराठी करतेय. त्यात म्हटलंय की बाजार तळाला पोचला हे कळायला छोट्या गुंतवणूकदारांचं 'कॅपिट्युलेशन' व्हावं लागतं. म्हणजे पडत्या बाजारात दातओठ खाऊन शेअर धरून बसलेली माणसं एके दिवशी उबगून, घाबरून, मिळेल त्या भावाला सगळं फुंकून मोकळी होतात, तो क्षण. अर्थ कळला, पण मराठीत लिहिताना गाडी अडली. 'शरणागती' लिहावं तर कोणाला शरण? बाजाराला?

शब्दकोशात सरेंडर, यील्ड, सबमिट, सक्कम्ब, कॅपिट्युलेट या सगळ्यांपुढे तेच: शरण जाणे, नमणे, हार मानणे. पाच शब्दांना एकच गाठोडं. शिवाय कॅपिट्युलेटमध्ये 'कॅपिटल' दडलेलं दिसतंय. भांडवल बुडालं म्हणून कॅपिट्युलेशन, असं काही आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोरीबंदर_लोकल

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या पोर्टफोलिओचं कॅपिट्युलेशन कधीच झालंय, आता फक्त व्युत्पत्ती कळायची राहिलीय.

चिंचेचं_पान

भांडवलाशी थेट संबंध नाही, पण दोघांचं मूळ घराणं एकच. लॅटिनमध्ये 'कापुत' म्हणजे डोकं. त्याचं लघुरूप 'कापितुलुम', म्हणजे छोटं डोकं. लिखाणात प्रत्येक भागाच्या डोक्यावर मथळा असतो, त्या मथळ्याला आणि पुढे त्या भागालाही कापितुलुम म्हणू लागले. इंग्रजीतला 'चॅप्टर' हा फ्रेंचमधून आलेला त्याचाच अवतार. शार्लमेन राजाचे हुकूम असे भाग पाडून लिहिलेले असत म्हणून त्यांना 'कॅपिट्युलरी' म्हणतात.

यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं 'कापितुलारे', म्हणजे मथळेवार मांडणे, कलमं पाडून लिहिणे. इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द आला तेव्हा त्यात शरण जाण्याचा मागमूस नव्हता. अटी ठरवणे, कलमवार करार करणे, एवढंच. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात राजा तक्रार करतो की यॉर्कचा आर्चबिशप, डग्लस, मॉर्टिमर ही मंडळी आपल्याविरुद्ध 'कॅपिट्युलेट' करून उठलीत. ही माणसं शरण जात नाहीयेत, बंड करतायत! आपसात करारमदार करून एक झालीत, असा तिथे अर्थ.

मग किल्ले, वेढे आले. वेढ्यात अडकलेला किल्लेदार अटी लिहून देणार, बाहेरचा सेनापती त्या मान्य करणार, त्या कागदाला नाव 'कॅपिट्युलेशन'. कागद झाला की किल्ला गेला, हे ओघानं आलंच. हळूहळू लोक अटी विसरले आणि 'किल्ला गेला' तेवढं शब्दाला चिकटून राहिलं.

निवृत्त_नाझर

उत्तम. कोर्टात आयुष्य गेलं, म्हणून एक जोडतो. 'सरेंडर' हासुद्धा मुळात लढाईचा शब्द नाही, जमिनीचा आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात कुळानं भाडेपट्टा मुदतीआधी मालकाला परत केला तर ते सरेंडर. विम्याच्या पॉलिसीची 'सरेंडर व्हॅल्यू' आपण म्हणतो ती त्याच अर्थानं, तिथे कोणी पांढरं निशाण फडकवत नाही. आणि 'यील्ड' म्हणजे जुन्या इंग्रजीत चक्क पैसे फेडणे, देणं चुकतं करणे. जर्मनमधला 'गेल्ड' म्हणजे पैसा, तो त्याचाच भाऊ. म्हणून पिकाचंही यील्ड आणि रोख्यांचंही यील्ड. जमीन देणं फेडते, रोखा देणं फेडतो. हरलेला माणूस यील्ड करतो ते फार नंतर.

एकूण काय, इंग्रजी भाषेत हार मानायचे बहुतेक शब्द दप्तरातून आणि हिशेबाच्या वहीतून आले आहेत.

पाटाचं_पाणी

नाझरकाका, शेवटचं वाक्य आवडलं पण सक्कम्बचं काय? ते तर 'खाली आडवं पडणे' आहे ना? सब म्हणजे खाली.

निवृत्त_नाझर

म्हणून 'बहुतेक' म्हटलं. सक्कम्ब अंगाचा शब्द आहे. म्हणून तो रोगाला, जखमेला, मोहाला चालतो.

शब्दखोर

चिंचेचं_पान, कापुत म्हणजे आपलं कपाळच की! कापुत, कपाल. आणि जर्मनमध्ये 'कापुट' म्हणजे संपलं, मोडलं, खलास. डोकं गेलं की खलास. सगळं जुळतंय.

चिंचेचं_पान

जुळत नाहीये, दोन्ही बाबतीत.

जर्मन 'कापुट' आलाय फ्रेंच पत्त्यांच्या डावातून. पिके नावाच्या खेळात एकही हात न मिळणाऱ्याला 'कापो' म्हणत. डोक्याशी घेणंदेणं नाही.

'कपाल' जरा जपून. संस्कृतात कपाल म्हणजे खापर, वाडगासुद्धा. यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीची पिठाची भाकरी, ज्या खापरांवर भाजतात त्यांना कपालच म्हणतात. कवटीला ते नाव तिच्या वाडग्यासारख्या आकारावरून मिळालं असं मानायला जागा आहे. भाषांना ही खोड आहेच: लॅटिनमध्ये 'तेस्ता' म्हणजे मडकं, त्याचं फ्रेंचमध्ये 'तेत' म्हणजे डोकं झालं. जर्मन 'कोप्फ'चंही तसंच, मूळ प्याल्याचं. तेव्हा कापुत आणि कपाल कानाला सारखे लागतात म्हणून लगेच सोयरीक जुळवू नये.

शब्दखोर

ठीक आहे बुवा. मजा घालवता राव तुम्ही लोक.

चिंचेचं_पान

मजा हवी तर खरी घ्या. कॅप्टन, चीफ, शेफ, कॅडेट, केप म्हणजे भूशिर, बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा स्नायू, हँडकर्चीफमधला 'चीफ', हे सगळे कापुतचे वंशज. कर्चीफ म्हणजे मुळात डोकं झाकायचं फडकं. ते हातात आलं आणि हँडकर्चीफ झालं. धाग्यावर रुमाल टाकलेल्यांनी नोंद घ्यावी.

मांडवीतीर

गोव्यात कापुत रोज दिसतो. राज्यपालांचं निवासस्थान ज्या टोकावर आहे त्याला सगळे 'काबो' म्हणतात, पोर्तुगीज काबो म्हणजे भूशिर. काणकोणातलं 'काब द राम' तेच, रामाचं भूशिर.

गडवाटा

चिंचेचं_पान यांनी किल्ल्याचा विषय काढलाच आहे तर थांबवत नाही. आपल्याकडचं सगळ्यात ठसठशीत कॅपिट्युलेशन म्हणजे वसई, १७३९.

चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ ला सुरू झाली. साष्टी, ठाणे, माहीम, तारापूर करत शेवटी वसई उरली. फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा पडला. तिन्ही बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल, हल्ला करायला एक उत्तरेची बाजू. तिकडच्या बुरुजांखाली मराठ्यांनी सुरुंग पेरले. मे महिन्यात सुरुंग उडाले, तट फुटला, मराठे आत घुसले, पोर्तुगीजांनी त्यांना परत लोटलं, पुन्हा घुसले. दोन दिवस हे चाललं. मुख्य सेनापती वेढ्यात आधीच मारला गेला होता, हाताखालच्या काएतानो द सौझा परेरानं अखेर बोलणी लावली. इंग्रजांच्या जुन्या पंचांगानं ५ मे, नव्यानं १६ मे. पुस्तकांत दोन्ही तारखा सापडतात, गोंधळू नये, अकरा दिवसांचा फरक पंचांगाचा आहे.

आणि त्या कागदात काय होतं? पोर्तुगीज शिबंदीनं हत्यारांसकट, नगारे वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडायचं. आठवड्याभराची मुदत. चीजवस्तू न्यायची मोकळीक. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. मुदत संपताना शिबंदी खरोखर तशी बाहेर पडली. हरलेलं सैन्य, पण जाताना वाजतगाजत. ही 'शरणागती' म्हणायची की तह?

पाटाचं_पाणी

नगारे वाजवत का पण? हरले होते ना? चिमाजी अप्पांना काय गरज होती एवढं ऐकून घ्यायची? तट फुटलाच होता.

गडवाटा

तट फुटलाच होता म्हणूनच. फुटलेल्या तटातून आत शिरणं हा वेढ्यातला सगळ्यात रक्तबंबाळ भाग. वसईत मराठ्यांची माणसं हजारोंनी पडली. गल्लीगल्लीत, चर्चच्या भिंतीआडून लढत बसायचं झालं असतं तर आणखी पडली असती, आणि पावसाळा तोंडावर. मे महिना आहे हे विसरू नका. मृग लागला की त्या चिखलात वेढा चालवणं अशक्य. दोन्ही बाजूंना कागद हवाच होता.

युरोपात तर याचं पूर्ण शास्त्र बनलं होतं. तटाला आत शिरण्याजोगं खिंडार पडेपर्यंत किल्लेदारानं लढायचं, त्याआधी दिला तर गद्दार. खिंडार पडल्यावर नगाऱ्याची ठरावीक खूण करून बोलणी मागितली तर इज्जत राखून बाहेर पडता येई. तेव्हाही नाही मागितली आणि शत्रू हल्ला करून आत आला, तर मग कोणाची दयामाया नाही. इज्जत राखून म्हणजे काय तेही ठरलेलं: निशाणं उलगडलेली, नगारे वाजते, तोड्याच्या बंदुकीची वात पेटलेली आणि तोंडात गोळी. चटकन ठासता यावं म्हणून शिपाई जादा गोळ्या तोंडात धरत. म्हणजे आम्ही बाहेर पडतोय, पण या क्षणी लढायला तयार आहोत, असं दाखवत जायचं.

निर्मळ_तळं

मी वसईचा, तोही किरिस्ताव घरातला, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे १७३९ ची गोष्ट दोन बाजूंनी ऐकत मोठं व्हावं लागतं. शाळेत चिमाजी अप्पांचा विजय, घरी आजीकडून 'फिरंगी गेले' तेव्हाची ऐकीव. दोन्हींत एक गोष्ट सारखी निघते: जे गेले ते गेले, पण गावातली शेतकरी, बागायतदार माणसं इथेच राहिली. आमची चर्च, आमची बोली आणि लग्नाची गाणी आजही इथेच आहेत. गडवाटा म्हणतात ते 'मागे राहणाऱ्यांना धर्म पाळायची मोकळीक' हे कलम आमच्या दृष्टीनं नगाऱ्यांपेक्षा मोठं. नगारे मांडवीकडे निघून गेले.

चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांबरोबर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा वसईच्याच लुटीतली. मोठ्या आवाजाच्या माणसाला लोक 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, आमच्या घरात ही म्हण वापरली की आजोबा म्हणायचे, आमची घंटा आणि आम्हालाच ऐकवता.

बोरीबंदर_लोकल

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

राईनकाठ

जर्मनीत राहतो. इथली गंमत सांगतो. १९४५ च्या मे महिन्यात जर्मनी शरण आला त्याला जर्मन माणूस म्हणतो 'बेडिंगुंग्सलोज कापितुलात्सिओन'. शब्दशः 'बिनशर्त कॅपिट्युलेशन'. वर जे वाचलं त्यानुसार हे म्हणजे 'बिनअटींचा अटीनामा' झालं!

उलट इतिहासात जर्मन भाषेनं हा शब्द भलत्याच जागी वापरलाय. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणुकीनं ठरायचा, आणि १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सपासून प्रत्येक सम्राटाला गादीवर बसण्याआधी निवडणाऱ्या राजांच्या अटी लिहून द्याव्या लागत. त्याचं नाव 'निवडणूक-कॅपिट्युलेशन'. सम्राट हरलाय म्हणून नव्हे, जिंकायचंय म्हणून. स्वित्झर्लंडचे कॅन्टन, म्हणजे तिथले प्रांत, फ्रान्सच्या राजाला भाडोत्री पलटणी पुरवत, त्या करारांनाही कॅपिट्युलेशनच म्हणत. १८४८ च्या स्विस घटनेनं असे नवे करार करायला बंदी घातली. आणि जुन्या प्रशियन फौजेत मुदत संपल्यावर पुन्हा करार करून नोकरीत राहणाऱ्या शिपायाला 'कापितुलांट' म्हणायचे. आजच्या जर्मन पोराला हा शब्द सांगितला तर तो समजेल, हा पळपुटा दिसतोय.

शब्दखोर

मला मुद्दा पटत नाहीये. व्युत्पत्ती काहीही असो, आज इंग्रजीत 'ही कॅपिट्युलेटेड' म्हटलं की लोळण घेतली हाच अर्थ. पाचशे वर्षांपूर्वी काय होतं ते घेऊन अनुवाद करायचा का? आपण 'बुद्रुक' म्हणताना फारसी 'बुजुर्ग' आठवतो का?

चिंचेचं_पान

अनुवाद आजच्याच अर्थानं करावा, त्यात वाद नाही. पण जुना अर्थ पूर्ण मेलेला नाही एवढंच. 'रिकॅपिट्युलेट' घ्या. त्याचा अर्थ 'पुन्हा शरण जाणे' नाही, 'मुद्दे पुन्हा क्रमानं सांगणे'. मालिकेच्या सुरुवातीला 'मागील भागात' येतं ते 'रीकॅप', तो याचाच तुकडा. बापाचा अर्थ बदलला, लेक जुन्या घरात राहिली. आणि स्पेनमध्ये आजही लग्नाआधी नवरा-बायकोत मालमत्तेचा करार होतो त्याला 'लग्नाची कॅपिट्युलेशनं' म्हणतात.

बोरीबंदर_लोकल

इथे म्हणे दोन्ही अर्थ चालतील.

मांडवीतीर

स्पेनचा विषय निघाला म्हणून. ग्रानाडाच्या शेवटच्या मुस्लिम राजानं इसाबेला-फर्डिनंडला शहर द्यायचा करार केला नोव्हेंबर १४९१ मध्ये, त्याचं नाव 'ग्रानाडाची कॅपिट्युलेशनं'. पाचच महिन्यांनी, एप्रिल १४९२ मध्ये, त्याच राणी-राजानं एका जेनोआच्या दर्यावर्दीशी करार केला: तू जे शोधशील तिथला दर्यासारंग आणि राज्यपाल तू, मिळकतीचा दहावा हिस्सा तुझा. त्याचं नाव 'सान्ता फेची कॅपिट्युलेशनं'. माणूस कोलंबस. एक राजा राज्य देऊन गेला, दुसरा माणूस जग मागून गेला, दोन्ही कागदांवर एकच शब्द.

निवृत्त_नाझर

फार छान जोडी. तिसरं उदाहरण तुर्कस्तानचं. ऑटोमन सुलतान फ्रेंच, इंग्रज, डच व्यापाऱ्यांना सवलतींची फर्मानं देत. व्यापाराची मुभा, जकातीत सूट, आपापसातले खटले आपल्याच वकिलातीत चालवायची परवानगी. इंग्रजांना ती १५८० मध्ये मिळाली. युरोपियन लोक या फर्मानांना 'कॅपिट्युलेशन्स' म्हणत, कारण कलमवार लिहिलेली. तेव्हा सुलतान जगातला एक बलाढ्य राजा होता, कोणाला शरण जात नव्हता. पण पुढे साम्राज्य खिळखिळं झालं आणि त्याच सवलती गळ्याला फास झाल्या. परदेशी माणसाला तुर्की कोर्ट हात लावू शकत नाही, जकात वाढवता येत नाही. १९१४ मध्ये तुर्कांनी त्या एकतर्फी रद्द केल्या, १९२३ च्या लोझानच्या तहात त्या कायमच्या गेल्या. मधल्या काळात शब्दाचा अर्थ जसा बदलला तसाच त्या कागदांचाही बदलला, हे मला विलक्षण वाटतं.

पाटाचं_पाणी

असा एखादा कागद प्रत्यक्ष दिसतो कसा? तहनामे आपण वाचतो ते छापील, गुळगुळीत.

गडवाटा

मॉन्ट्रियलचा बघा. कॅनडा फ्रेंचांच्या हातून गेला तो सप्टेंबर १७६० चा कागद. पंचावन्न कलमं. फ्रेंच गव्हर्नरनं एकेक मागणी लिहायची, आणि इंग्रज सेनापती ॲमहर्स्टनं त्या प्रत्येकापुढे उत्तर लिहायचं: 'मंजूर', 'नामंजूर', 'मंजूर, पण'. सत्ताविसाव्या कलमात कॅथलिक धर्म पाळायची मोकळीक मागितलीय. उत्तर: धर्म पाळायला मंजूर, पण धर्मगुरूंना द्यायचा दशमांश सक्तीचा ठेवायचा की नाही हे आमचा राजा ठरवेल. मंडईत भाव करावा तसं, फक्त पणाला अख्खा देश.

आणि नगारे-निशाणाची इज्जत? ती ॲमहर्स्टनं साफ नाकारली. फ्रेंच सेनापती लेव्हीला ते इतकं लागलं की त्यानं पलटणींची निशाणं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जाळून टाकायला लावली.

पुढच्याच जानेवारीत, १७६१ मध्ये, आपल्याकडे पाँडिचेरी पडली. तिथे इंग्रज सेनापती आयर कूटनं फ्रेंच सेनापती लालीला अटीच घालू दिल्या नाहीत. युद्धकैदी म्हणून या, बस. म्हणजे काटेकोर बोलायचं तर लालीचं कॅपिट्युलेशन झालंच नाही, बिनशर्त शरणागती झाली. लालीला त्याची किंमत पॅरिसमध्ये डोकं देऊन चुकवावी लागली, १७६६ मध्ये.

शब्दखोर

आलं परत कापुत.

राईनकाठ

कलमं लिहून घेतली तरी पाळतील याची काय खात्री? १८०८ मध्ये स्पेनमध्ये बैलेनला फ्रेंच जनरल द्युपाँनं कॅपिट्युलेशन केलं, फौजेला जहाजानं फ्रान्सला पोचवायचं ठरलं. कागद झाला, सह्या झाल्या, आणि बहुतेक शिपाई फ्रान्सला पोचलेच नाहीत. हजारो कैदी काब्रेरा नावाच्या ओसाड बेटावर सडले. नेपोलियननं मात्र राग काढला तो द्युपाँवर.

तिरकस_रेघ

धागा काढला तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आता खरा प्रश्न: आपल्याकडे किल्ले काय कमी पडले? मग अटी घालून किल्ला देण्याला आपला शब्द काय होता? नांगी टाकणे, गुडघे टेकणे, दाती तृण धरणे, शेपूट घालणे, हात टेकणे, हे सगळे नुसते हरण्याचे. 'पड खाणे', 'नमतं घेणे' थोडे जवळ येतात, त्यात निदान दुसऱ्या बाजूशी काही देणंघेणं चाललंय असं वाटतं. पण अटींचा कागद कशात नाही.

गडवाटा

आहे की. कौल.

बखरी आणि पेशवाईतली पत्रं वाचणाऱ्यांच्या सवयीचा आहे. 'कौल देऊन किल्ला घेतला', 'कौल घेऊन खाली उतरले'. वेढ्यातला किल्लेदार कौल मागतो, म्हणजे जिवाची, अब्रूची, चीजवस्तूची हमी मागतो. बाहेरचा सरदार कौल देतो. कौल घेऊन उतरलेल्याला हात लावला तर ती बेइमानी. ओसाड गाव पुन्हा वसवायलाही कौल देत, अमुक वर्षं सारा माफ, पुढे इतका. तिथेही कलमं, तिथेही अटी. तुमच्या कॅपिट्युलेशनचा जुना अर्थ यात जसाच्या तसा आहे.

चिंचेचं_पान

वा! आणि दोन्हींचा पिंडही वेगळा बघा. कौल हा अरबी शब्द, अर्थ 'बोल, वचन'. कव्वाली त्याच धातूची. म्हणजे युरोपानं त्या व्यवहाराला कागदाच्या मथळ्यावरून नाव दिलं, इकडे दिलेल्या शब्दावरून. अर्थात इकडे कागद नव्हते असं नाही, कौलनाम्यांची दप्तरं भरलीत. 'कलम' पण अरबीच, तिकडे ग्रीकमधून गेलेला, बोरूचा.

अंजनवेल

कोकणात अजून देवाला कौल लावतात. गुरव पाषाणावर तांदूळ नाही तर कळे चिकटवतो, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आमच्या गावात विहीर कुठे खणायची इथपासून मुलीचं स्थळ करावं का इथपर्यंत कौल होतो. आणि निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात 'जनतेचा कौल'. एकच शब्द किल्लेदाराला, देवाला आणि मतदाराला. घरावरची कौलं मात्र वेगळी, ती यात ओढू नका, कोणीतरी ओढणारच म्हणून आधीच सांगते.

शब्दखोर

मी ओढणार होतो.

पाटाचं_पाणी

मग अहवालात 'गुंतवणूकदारांनी कौल घेतला' असं लिहायचं का?

निवृत्त_नाझर

नका लिहू. वाचकाला वाटेल देवाला विचारून शेअर विकले. बाजारातल्या त्या माणसाला कोणी अट घालू देत नाही, समोर कोणी अप्पा नाही की ॲमहर्स्ट नाही. तिथे 'धीर सुटून केलेली विक्री' सरळ लिहावं.

गडवाटा

वसईबद्दल एक राहिलं. त्या एका गावाच्या नावावर तीन कागद आहेत. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं मोगलांच्या धास्तीनं वसई पोर्तुगीजांना दिली, तो पहिला. १७३९ चा दुसरा. आणि ३१ डिसेंबर १८०२ चा तिसरा, दुसऱ्या बाजीरावाचा. होळकरांनी पुण्यातून पळवून लावल्यावर हा वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि तह केला. सहा हजारांची इंग्रज फौज कायम पदरी, तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध नाही की तह नाही. या कागदाला मात्र कोणी कॅपिट्युलेशन म्हणत नाही. नाव 'तह', मजकुरात मैत्री आणि परस्पर संरक्षण. १७३९ चे पोर्तुगीज एक शहर देऊन गेले. यानं राज्याचा गाभा दिला, तोही वेढा न पडता.

निर्मळ_तळं

आमच्याकडे १८०२ बद्दल कोणी बोलत नाही. १७३९ वर दोन तास बोलतील.

राईनकाठ

मांडवीतीर, १९६१ मध्ये गोव्यात काय झालं होतं? तिथेही अटी होत्या का?

मांडवीतीर

नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं डिसेंबरच्या मध्यात लिस्बनहून तार केली होती की शरणागती नाही, तहाची बोलणी नाही, पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील नाहीतर मरतील. गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हाकडे तीन-साडेतीन हजार सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, समोर भारताची तिन्ही दलं. त्यानं माणसं उगाच मरू दिली नाहीत आणि १९ डिसेंबरला रात्री शरणागतीवर सही केली. बिनशर्त. पोर्तुगीजमध्ये त्याला 'रेंदिसांव' म्हणतात. ते नाझरकाकांच्या सरेंडरच्या घराण्यातलं, कापुतच्या नाही.

घरी गेल्यावर त्याला १९६३ मध्ये फौजेतून काढून टाकलं. १९७४ ची क्रांती झाली तेव्हा पद परत मिळालं. १९८० मध्ये तो पाहुणा म्हणून गोव्यात येऊन गेला आणि लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं. माझे काका सांगतात, बाजारात उभी असलेली म्हातारी माणसं त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलत होती.

अंजनवेल

यावर वेगळा धागा काढा मांडवीतीर. इथे हरवेल.

मांडवीतीर

काढतो. काकांना विचारून, नीट लिहून. पुढच्या आठवड्यात.